चाकं फ्री करून द्या

लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली की समोरचा माणूस माझी तब्येत विचारत नाही, मुलं काय करतात हेही विचारत नाही. तो खुर्ची जवळ ओढतो आणि म्हणतो, "साहेब, आमची गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही हो." पुढ्यात जिलबी निवत असते आणि मी टायरमधल्या हवेबद्दल बोलत असतो.

मी पाटकर. घर टेमघरला, नोकरी मानकोलीच्या रस्त्यावरच्या एका गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. पद सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. म्हणजे गाडी दुरुस्त करणारा मी नव्हे. ग्राहकाची तक्रार ऐकायची, ती मेकॅनिकला कळेल अशी लिहायची, आणि मेकॅनिकने जे केलं ते ग्राहकाला पटेल असं सांगायचं. दुभाष्याची नोकरी आहे. हात काळे होत नाहीत, तोंड मात्र दुखतं.

अ‍ॅव्हरेज हा शब्द आपल्याकडे लोक असा वापरतात जणू गाडी म्हणजे दुभतं जनावर. देते, देत नाही, पूर्वी द्यायची, आता आटली. पण मोजलं कसं, असं विचारलं की बहुतेकजण गप्प होतात. काही काट्याकडे बघून सांगतात. एक गृहस्थ म्हणाले, "पूर्वी हजाराचं टाकलं की शुक्रवारपर्यंत पुरायचं, आता गुरुवारीच संपतं." मधल्या काळात पेट्रोलचा भाव वाढला होता, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. खरी रीत सोपी आहे. टाकी भरा, पंपाची नळी आपोआप बंद पडली की थांबा, किलोमीटर टिपून ठेवा. पुन्हा त्याच पंपावर तशीच भरा. जितके किलोमीटर चालली त्याला दुसऱ्या वेळी गेलेल्या लिटरने भागा. एकदा नाही, तीन-चारदा करा. चौथीच्या मुलाला जमेल असा भागाकार आहे. तो न करता लोक काय काय करतात, ते पाहून मी इतक्या वर्षांनंतरही हबकतो.

एका सद्गृहस्थांनी टाकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. झाकण उघडलं तर लोखंडी ट्रंकेचा वास. मी म्हटलं, "काका, पेट्रोलला कसर लागली होती का?" ते रागावले. "कपड्याला चालतात, गाडीला का चालू नयेत?" त्यांच्या गाडीचे इंजेक्टर साफ करायला जो खर्च आला, त्यात त्यांचं पुढच्या दिवाळीपर्यंतचं पेट्रोल आलं असतं. दुसऱ्या एका बाईंनी सात सीटच्या व्हॅनमधून मागची सीट काढून घरी गॅलरीत ठेवली, वजन कमी व्हावं म्हणून. ते बरोबरच होतं. पण मोकळ्या जागेत त्यांनी मसाल्याच्या ऑर्डरी न्यायला लोखंडी मांडणी बसवून घेतली, आणि मग आमच्याकडे विचारायला आल्या की फरक का पडत नाही.

ह्या सात सीटच्या व्हॅना हा आमच्या भिवंडीचा जीव की प्राण. सकाळी शाळा, दुपारी माल, संध्याकाळी दवाखाना, रविवारी पाहुणे. घरातल्या सगळ्यात कष्टाळू सुनेला जशी शाबासकी कधीच मिळत नाही, तसं ह्या गाडीचं असतं. तिनं सगळं करायचं आणि वर अ‍ॅव्हरेजही द्यायचं.

निसारभाईंची गाडी ह्यातलीच. निसारभाई जुने कोकणी मुसलमान, वडिलांपासूनचे लूम, म्हणजे यंत्रमाग, माझ्याहून वयाने मोठे. ते मला 'पाटकर' म्हणतात आणि अरे-तुरे करतात, मी त्यांना 'निसारभाई' आणि 'तुम्ही' म्हणतो. पहिल्यांदा आले ते दरवाजातूनच ओरडत आले.

"पाटकर, साडेअकरा! ह्या गाडीनं मला बरबाद केला. माझ्या साडूची हीच गाडी, हाच कलर, महाडला हाय. सोळा देते! सोळा!"

"मोजलंत कसं?"

"तुझ्यासारखंच. टाकी टू टाकी."

मला बरं वाटलं. मोजून आलेला ग्राहक महिन्यातून एखादाच मिळतो.

आम्ही एअर फिल्टर काढला. इंजिन ज्यातून श्वास घेतं तो हा कागदाचा घड्या घातलेला चौकोन. तो काढून मेकॅनिकने माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "साहेब, ही गोधडी कुणाची?" गाडी रोज लूमच्या शेडला लागून उभी, तिथल्या हवेत कापसाचा तूस, तो सगळा आत जाऊन बसलेला. बोट रुतत होतं. टायरमध्ये हवा कमी. टपावर कॅरिअर, रिकामा, बाराही महिने. आणि मागच्या सीटखाली पुठ्ठ्याची खोकी.

"ह्यात काय आहे?"

"सूत."

"हे वजन उतरवा आधी."

"वजन कुठे हाय? सूत हाय ते!"

आम्ही ती खोकी पार्सलच्या काट्यावर ठेवली. दोन धडधाकट माणसांपेक्षा जास्त भरली. निसारभाई काट्याकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी सूत किलोवर विकत घेतलं होतं, पण गाडीत ठेवलं की त्याचं वजन राहत नाही, अशी त्यांची समजूत होती.

हे सगळं केल्यावर गाडी साडेतेरावर आली. मला विचाराल तर झकास काम झालं. निसारभाईंना ते पटेना.

"साडूला सोळा आणि मला साडेतेरा? ईदला दस्तरखानावर तो हाच विषय काढतो. माझा घास घशात अडकतो."

"निसारभाई, तुमचे साडू महाडच्या मोकळ्या रस्त्याला चालवतात. तुमची गाडी अर्धा वेळ मानकोली नाक्यावर कंटेनरच्या मागे एसी लावून उभी असते. उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य. तुमच्या रस्त्याला साडेतेराच येणार."

त्या दिवशी गाडी लिफ्टवर होती. मेकॅनिक एकेक चाक हाताने फिरवून बघत होता. आमच्या धंद्यात ह्याला 'चाक फ्री आहे का बघणं' म्हणतात. पायाने ब्रेक दाबलेला नसताना चाक अडकत नाही ना, एवढाच त्याचा अर्थ. अडकत असेल तर इंजिन फुकट जोर लावतं आणि पेट्रोल जातं. निसारभाईंनी स्वतः मागचं चाक फिरवलं आणि कान जवळ नेला.

"घासतंय."

"तेवढं घासणारच. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये ब्रेकचे लायनर असतात, चाक धरणाऱ्या पट्ट्या, अगदी जवळ बसवलेल्या. जवळ असतात म्हणून दाबल्याबरोबर धरतात. हँडब्रेकही त्यांच्यावरच चालतो."

"पाटकर, माझे कान लूमवर तयार झालेत. शेडमध्ये चोवीस मशीन खडखडत असले तरी कुठे घासतंय ते मला दारातून कळतं. जिथे घासतं तिथे धागा तुटतो. घासणं म्हणजे नुकसान."

"लूमवर असेल. इथे ते घासणं म्हणजेच ब्रेक."

"बरं बरं," म्हणून त्यांनी चाक सोडलं. पण पटलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो, आणि तो हा नव्हता.

त्यानंतर बरेच दिवस ते आले नाहीत. मग एका दुपारी, मी काउंटरवर बिलं तपासत असताना फोन.

"पाटकर! बसला हायस का उभा? उभा असशील तर बस. साडेसोळा!"

मागे कपबशांचा आवाज, मुलांचा गलका. निसारभाईंचा आनंद उतू जात होता. भाचीच्या लग्नाला सगळं घर घेऊन नाशिकला गेले होते. भिवंडीत टाकी भरली, नाशिकला पुन्हा भरली, भागाकार केला.

मी खरोखरच बसलो. दोन-अडीचचा फरक हायवेमुळे पडू शकतो, तेवढं मी मनातल्या मनात मांडून पाहिलं. तरी विचारलं, "गाडीला काही केलंत का?"

"तू नाही केलंस ते केलं. वळ गावाला एक मिस्त्री हाय. त्याला बोललो, चारही चाकं एकदम फ्री करून दे. काय हात हाय त्याचा! मागचं चाक एका बोटानं फिरवलं की फिरतच राहतंय. आवाज नाही, काय नाही."

"आवाज नाही?"

"बिलकूल नाही."

"निसारभाई, हँडब्रेक ओढल्यावर कितव्या खटक्याला धरतो?"

"हँडब्रेक? तो आता असा सरळ वर येतो, मख्खनसारखा. धरत बिरत नाही. लागतो कुणाला? मी गिअरमध्ये टाकून उभी करतो."

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"इगतपुरीला. चहा घेतोय. आता निघालो, घाट उतरला की दोन तासात घरी."

वाचकांपैकी ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाशिकला जाताना कसाऱ्याचा घाट चढायचा असतो. चढाला ब्रेक फारसा लागत नाही, गाडी आपणहून थांबू पाहते. आणि भिवंडीत गाडी वीसच्या वर जातेच कुठे? पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकवर सगळं निभतं, माणसाला कळतही नाही. पण येताना तोच घाट उतरायचा. भरलेली गाडी, लांबलचक उतार, आणि सगळा भार पुढच्या दोन ब्रेकवर. ते तापतात. जास्त तापले की पाय दाबलेला असतो आणि गाडी ऐकत नाही.

"निसारभाई, गाडी तिथून हलवू नका."

"का?"

"मागचे ब्रेक नसणार तुमचे."

ते हसले. "जळतोस तू. सोळा पार केले म्हणून जळतोस. पायडल एकदम कडक हाय, पहिल्यापेक्षा कडक."

"गाडीत किती माणसं आहात?"

"घरचेच. आम्ही दोघं, मुलगा, सून, तिची आई, दोन पोरं. लग्नाचं सामान. अरे, चढताना काय पळाली माहीत हाय?"

"चढताना पळाली. आता उतरायचंय."

"तू डॉक्टर हायस का हवालदार? ठेव फोन, पोचल्यावर पेढे देतो."

मला आठवतं, त्या क्षणी मी जन्मात कुणा ग्राहकाशी बोललो नाही अशा आवाजात बोललो. काउंटरवरचे सगळे वळून बघायला लागले. "फोन भाभींना द्या. आत्ता द्या."

शमाभाभी, निसारभाईंच्या पत्नी. गाडी न्यायला त्या एकदोनदा वर्कशॉपला आल्या होत्या, बिलाची प्रत्येक ओळ वाचून सही करणाऱ्या. मला त्यांचा फार आधार वाटला.

"बोला पाटकरभाऊ."

"भाभी, हॉटेलचं आवार उताराचं आहे का?"

"थोडं हाय, रस्त्याच्या बाजूला."

"सगळ्यांना खाली उतरवा. पोरांना हाताला धरून लांब उभं करा. पुढच्या चाकापुढे वीतभर अंतरावर मोठा दगड ठेवा. मग निसारभाईंना म्हणावं, हँडब्रेक पूर्ण वर ओढा, गिअर न्यूट्रल करा आणि पायाचा ब्रेक सोडा. बस, एवढंच."

पलीकडे बराच वाद झाला. 'पाटकर वेडा झालाय' हे मला स्वच्छ ऐकू आलं. 'मग वेड्यासाठी एकदा करा', हे भाभींचं. मग दरवाजा लागल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग धप्प.

"भाऊ," भाभी म्हणाल्या, "दगडाला जाऊन लागली." आणि फोन न ठेवताच त्या घरच्यांना म्हणाल्या, "सामान काढा. टॅक्सी बघा."

निसारभाईंनी फोन परत घेतला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "पाटकर, आता मुलगा चालवणार होता, मी नातवाला पुढं मांडीवर घेऊन बसणार होतो. त्याला घाट बघायचा होता."

मी फोन ठेवला आणि पाणी प्यायलो. समोर एक ग्राहक कधीपासून उभा होता. तो म्हणाला, "साहेब, माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज..." मी त्याला हात जोडले.

गाडी दुसऱ्या दिवशी टोइंगच्या ट्रकवर चढून आली. आमच्या मेकॅनिकने मागचा ड्रम काढला आणि तसाच धरून उभा राहिला. मला वाटलं होतं, लायनर सैल करून मागे सरकवले असतील. आत काही नव्हतंच. लायनर नाहीत, स्प्रिंगा नाहीत, स्वच्छ पुसलेली रिकामी थाळी. ब्रेकचं तेल मागे जाऊ नये म्हणून नळी पक्कडीने चेपून दुमडलेली. पायडल कडक लागत होतं ते त्यामुळे.

"पण मला त्यानं नवीन टाकले," निसारभाई म्हणाले. "जुने परत दिले ना. पिशवी सीटखाली हाय."

आमच्या धंद्यात रिवाज आहे. पार्ट बदलला की जुना पार्ट पिशवीत घालून ग्राहकाला द्यायचा, म्हणजे नवा टाकल्याची खात्री पटते. पिशवी काढली. आत चार लायनर, सगळ्या स्प्रिंगा, नीट कापडात गुंडाळलेलं. लायनर अजून कितीतरी वर्षं चालले असते. मिस्त्रीने काढलेली वस्तू प्रामाणिकपणे परत केली होती. पिशवी मिळाली म्हणजे नवं बसलं, हे निसारभाईंनी धरून चाललं.

ब्रेक पुन्हा बसवले. मग मी माझ्या समाधानासाठी, निसारभाईंच्या मुलाला घेऊन, तीच गाडी तेवढंच वजन घालून नाशिकला नेऊन आणली, दोन्हीकडे टाकी भरून. साडेसोळापेक्षा जेमतेम एक-दोन दशांश कमी आली. म्हणजे ब्रेक काढून जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं. जे मिळालं ते मोकळ्या रस्त्याचं होतं, एका लयीत चालवल्याचं होतं. हा आकडा मी निसारभाईंना सांगितला तेव्हा ते घाटाबद्दल ऐकून हादरले नव्हते तेवढे हादरले. "म्हणजे फुकट?" एवढंच म्हणाले.

मग आम्ही दोघं वळ गावाला गेलो. गोदामांच्या रस्त्याला, पत्र्याच्या सावलीत मिस्त्रीचं दुकान. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. तो पन्नाशीचा, शांत माणूस निघाला. आम्हाला स्टुलं दिली.

"रिक्षावाले कराते थे पहले," तो म्हणाला. "फिर गाड़ीवाले भी आने लगे. सेठ ने बोला फ्री करो, हमने फ्री किया. आगे का ब्रेक तो है ना."

"अशा किती गाड्या केल्या?" मी विचारलं.

"गिना नहीं, साहब."

हे तो इतक्या सहज म्हणाला की मला राग यायचाच राहिला. मी आकड्यांवर जगणारा माणूस. ज्याचा आकडाच नाही ते मी कसं पकडणार? ह्या रस्त्यावरून दिवसभर जाणाऱ्या व्हॅना मी बघत राहिलो. आत बायका, म्हातारी माणसं, पिशव्या. बाहेरून सगळ्या सारख्याच.

"एक बच्चों वाली है," मिस्त्री आठवून म्हणाला. "स्कूल का टाइम हो गया, अभी आएगी."

निसारभाई उठले. आम्ही काही ठरवलं नव्हतं. रस्त्याला तिथे थोडा उतार आहे. लांबून पिवळ्या पट्ट्याची व्हॅन दिसली तशी ते रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. मी ओरडलो, "बाजूला व्हा!" ते हलले नाहीत. व्हॅन जवळ आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला, आणि अगदी शेवटी निसारभाईंनी कडेला उडी घेतली.

व्हॅन थांबली. निसारभाईंनी मागचा सरकता दरवाजा ओढला आणि पोरांना एकेक करून खाली घ्यायला लागले, दप्तरांसकट. ड्रायव्हर संतापून उतरला.

"ओ चाचा, काय हाय हे? पोरांना हात कशाला लावताय?"

मी त्याला काय आहे ते सांगितलं. मिस्त्री मान खाली घालून आला, जॅक लावला, चाक काढलं, ड्रम काढला. ड्रायव्हर वाकून आत बघत राहिला. त्याला काय बघतोय ते कळायला वेळ लागला. मग तो माझ्याकडे वळला, रागाने नव्हे, खरोखर समजून घ्यायला.

"पण गाडी थांबते की, साहेब. आत्ता थांबली ना?"

मी रस्त्याकडे बघितलं. ब्रेक उशिरा दाबला असेल, उतार असेल, नक्की काय ते मोजमाप केल्याशिवाय मी सांगणार नाही. पण निसारभाई जिथे हात वर करून उभे होते, तिथे त्यांची एक चप्पल राहिली होती. ती थांबलेल्या गाडीच्या मागे पडली होती.